विसरलेलं काडतूस

फार पूर्वी, बंदूक घेऊन रानात शिरायला कुणाची आडकाठी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हैबतराव शिकाऱ्यानं नवी रायफल आणली आणि जुन्या रायफलीची काडतुसं डब्यात काळवंडत पडली.

शेजारच्या डब्यातली नव्या रायफलीची काडतुसं त्यांना हसायची. एक दिवस जुन्यातलं एक भडकलं. "कालची ही चकचकीत कार्टी आम्हाला हसतात! भिंतीवरचं ते सांबर बघा. माझ्या सख्ख्या भावानं एका दणक्यात लोळवलंय! आणि आज आमची कुणाला आठवणसुद्धा नाही?"

"मला आहे!" भिंतीवरचं सांबराचं मुंडकं कडाडलं. "पाणवठ्यावर पाणी पीत होतो मी. तोंडातला घोट गिळूसुद्धा दिला नाही तुझ्या भावानं. बाकीचे तुला विसरले, एवढं एकच चांगलं झालं. आणि हसता काय रे नव्यांनो? तुम्हालाही लवकर विसरोत सगळे!"