शास्त्रीबुवांची उचकी

सोनखडीला अजून राजे होते तेव्हाची गोष्ट. तिथं दामोदरशास्त्री आले. "मी एकटाच खरा, बाकी माणसं म्हणजे माझ्याच मनाचे भास," असं ते सांगत. राजेसाहेबांनीही तेच घोकलं आणि रयतेची गाऱ्हाणी ऐकणं सोडलं. भासांची कसली गाऱ्हाणी?

मग राजेसाहेबांच्या आत्या, अक्कासाहेब, यांनी दोघांना जेवायला बोलावलं. शास्त्रीबुवांच्या पानात कोरडी भाकरी, झणझणीत ठेचा आणि पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब. दुसऱ्याच घासाला त्यांना उचकी लागली. काही केल्या थांबेना.

"आमची ताई आठवण काढत असेल," ते सवयीनं बोलून गेले. ताईचं नाव निघालं आणि उचकी थांबली.

अक्कासाहेब भाच्याकडे बघत म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, जगात तुम्ही एकटेच ना? मग तुमची आठवण कोण काढतंय?"

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं नव्हतं. ताईकडे जाऊन त्यांना कैक वर्षं झाली होती.

त्याच दुपारी राजेसाहेब गाऱ्हाणी ऐकायला बसले आणि शास्त्रीबुवांनी ताईच्या गावची वाट धरली.

आता ते राजे नाहीत, ते दरबार नाहीत. पण उचकी लागली की आम्ही अजून आधी आपल्या माणसांची नावं घेतो, पाणी मागाहून पितो.