दमडीला साळू का म्हणतात

दमडीला नुसतं दमडीच म्हणत होते, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कवठझरीत साळू नावाची सुईण होती. तिच्या हातावर जन्मलेली माणसं म्हातारी झाली, तरी तिचा हात कधी थरथरला नाही, असं म्हणतात.

नाळ कापताना खाली नाणं ठेवायची रीत तेव्हा होतीच. साळूची रीत जरा निराळी. नाणं तांब्याचं हवं आणि दुसऱ्याच्या घरून मागून आणलेलं हवं. जे घर नाणं देतं, त्या घराचाही लेकरावर जीव जडतो, असं ती म्हणे.

एका उन्हाळ्यात रायाजी पाटलाची सून अडली. साळू सकाळपासून तिच्या उशाशी होती. भर दुपारी बाळ आलं, पण रडेना. अंग निळं, मुठी मिटलेल्या. पाटलानं पडद्याआडून सोन्याची मोहर पुढं केली. गावाकडं मागणार कुठल्या तोंडानं? त्याच साली त्यानं खालच्या आळीला आपल्या विहिरीचं पाणी बंद केलं होतं.

साळूनं मोहर परत सारली.

“मोहर हलकी पडली काय गं तुला?”

“जड पडली, पाटील. लेकराला पेलायची नाही. दमडी आणा, आणि खालच्या आळीतनं आणा.”

बोलली खरी. पण लेकरू गेलं तर दोष तिच्याच माथी येणार होता. ती बाळाची पाठ चोळत राहिली.

पाटलाला वहाणा घालायचंही सुचलं नाही. तापल्या फुफाट्यातून तो खालच्या आळीत राही कुंभारणीच्या दारात गेला आणि दमडी मागू लागला. पाण्यावाचून तिचं चाक कधीचं थांबलेलं. तिनं त्याचे भाजलेले पाय पाहिले. देवापुढची एकुलती एक दमडी त्याच्या हातावर ठेवली.

“पळा आता,” एवढंच म्हणाली.

साळूनं दमडीवर नाळ धरून कापली. त्यासरशी बाळानं असा टाहो फोडला, की राहीच्या अंगणातली रिकामी मडकी घुमली, असं म्हणतात. विहिरीचं पाणी काठाला आलं आणि आपणहून खालच्या आळीत उतरलं, असंही म्हणतात. पाटलानंच दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन चर खणला, असं म्हणणारेही आहेत. पाणी पोचलं, हे मात्र सगळेच सांगतात.

तेव्हापासून कवठझरीत दमडीला साळू म्हणू लागले. पुढं दमड्या गेल्या, पै गेली, पैसाही गेला. जे नाणं सगळ्यांत लहान उरलं, ते साळू झालं.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी घरात पोट दुखायला लागलं, की घरातला कर्ता अनवाणी निघतो. ज्या घराशी बोलणं तुटलंय, त्याच घराच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, “साळू द्या.”

आजवर कवठझरीत कुणी नाही म्हटलेलं नाही.