भाकरी सोडलेला पैलवान

“आता आणखी काय सोडू, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद जेवत होते. तालमीच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. ताटलीत एक ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. वय एक्याऐंशी, दात निम्मे, त्यामुळे घास सावकाश चालला होता.

सर्जेराव इंगवले शेजारीच बसला होता. भाकरीकडे बघायचं नाही म्हणून तो आखाड्याकडे बघत होता.

दुपारची वेळ. पोरं पहाटे मेहनत करून गेलेली, ती संध्याकाळी परत येणार. मधल्या वेळात तालमीत वस्ताद, तांबडी माती आणि मारुतीची तसबीर, एवढीच मंडळी.

“काय काय सोडलंस?” वस्तादांनी विचारलं.

हा प्रश्न सर्जेरावाला आवडायचा. अकरा महिन्यांत शंभर जणांनी विचारला असेल. उत्तर तोंडपाठ होतं.

“भात, भाकरी, चपाती. साखर, गूळ. बटाटा, साबुदाणा. फळं. आता अंडी खातो, मटण खातो, पनीर खातो, पालेभाजी तुपात परतून खातो. एकशेअठरा किलो हुतो, वस्ताद. आज अठ्ठ्याऐंशी! तीन म्हैन्यांची शुगर अकरा हुती, ती पाच पूर्णांक आठवर आणली.”

“भले!” वस्ताद मनापासून म्हणाले.

आणि खरंच भले म्हणण्यासारखी गोष्ट होती. तालीम सुटली की खुराकही सुटायला हवा, हे पैलवानाला कोणी सांगत नाही. सांगितलं तरी तो ऐकत नाही. सर्जेरावानं सत्ताविसाव्या वर्षी लंगोट खुंटीला टांगला आणि साखर कारखान्यात नोकरी धरली. दोन लिटर दूध, वाटीभर तूप आणि सहा भाकऱ्या मात्र तशाच चालू ठेवल्या. छातीवरचं सगळं वैभव हळूहळू पोटावर उतरलं. मग एक दिवस तळपायाला मुंग्या आल्या, रक्त तपासलं आणि आकडा बघून डॉक्टरच आधी गप्प बसले.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं भाकरीची टोपली स्वतःच्या हातानं फळीवर उलटी ठेवली.

पहिले दहा दिवस डोकं ठणकलं. पोटऱ्यांत गोळे आले. मिठाचं पाणी पिऊन त्यानं ते दिवस काढले. पाहुणे म्हणायचे, मटण हाणतोय आणि म्हणतोय पथ्य आहे! पण कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पडत गेली तशी तोंडं बंद झाली. मग तीच तोंडं सल्ला विचारायला दारात आली. आता त्याच्या मोबाईलच्या ग्रुपवर दोनशे माणसं होती आणि सर्जेराव रोज सकाळी त्यांना भाकरीचे तोटे सांगत असे. पैलवान होता तेव्हासुद्धा त्याला एवढा मान मिळाला नव्हता.

“मग अडलंय कुठं?” वस्ताद म्हणाले.

“आज सकाळी उपाशीपोटी एकशेचार आली.”

“म्हंजे?”

“काल अठ्ठ्याण्णव हुती.”

वस्तादांनी कांद्याची पाकळी तोंडात टाकली.

“डॉक्टर काय म्हणत्यात?”

“म्हणत्यात, उत्तम. गोळी निम्मी केली. आता तीन म्हैन्यांनी या, म्हणाले.”

“मग?”

“त्यांना काय कळतंय, वस्ताद! सहानं वाढली. एका रात्रीत सहानं! सहाच्या साठ व्हायला कितीसा वेळ लागतोय?”

त्यानं दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. दिवसातून आठ वेळा तो बोट टोचून रक्त बघत होता. एकाच बोटाला किती दुखवायचं, म्हणून पाळी लावली होती.

“म्हणून आणखी सोडत चाललोय. टोमॅटो सोडला. गाजर सोडलं. कांदा सोडला. परवा शेंगदाणे सोडले. आता मला दह्याचा संशय येतोय.”

वस्ताद हसले नाहीत. बोलणं हसण्यासारखं होतं, पण सर्जेरावाचे डोळे तसे नव्हते.

“भ्या कशाचं वाटतंय, सर्जा?”

…

“आबांचं ठाऊक हाय की तुम्हाला.”

वस्तादांना ठाऊक होतं. सर्जेरावाच्या वडलांचा आधी अंगठा काढला, मग पंजा, मग गुडघ्यापासून पाय. पाय जायच्या महिनाभर आधी आबांनी हौसेनं नवी पायताणं शिवून घेतली होती. दोन वर्षांनी आबा गेले, तेव्हा एक पायताण झिजलेलं होतं आणि दुसरं करकरीत. वय होतं छप्पन्न. सर्जेरावाला येत्या चैत्रात छप्पन्नावं लागणार होतं. ते करकरीत पायताण त्याच्या ट्रंकेत होतं. घरात कोणी नसलं की तो ते काढून बघायचा आणि परत ठेवायचा. त्याला मरणाची भीती नव्हती, निदान तो तसं म्हणायचा. त्याला पायाची भीती होती.

“आणि उद्या शर्वरीचा साखरपुडा हाय,” तो म्हणाला.

“मला आवतण हाय. कापडं धुऊन ठेवल्यात.”

“मी जाणार न्हाई.”

वस्तादांचा घास हातात राहिला.

“पोरीच्या साखरपुड्याला बाप न्हाई?”

“व्याही पेढा भरवणार, वस्ताद. मांडवात, चारचौघांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नको म्हणावं तर त्यांचा अपमान. खावा तर…” सर्जेरावानं मान हलवली. “तो एक पेढा न्हाई. अकरा म्हैने दार लावून धरलंय मी. ते एकदा किलकिलं झालं की आत काय काय घुसंल, ते मलाच ठाऊक. मी स्वतःला वळखतोय. सहा भाकऱ्या खाणारा माणूस हाय मी.”

“घरी काय सांगितलंस?”

“ताप आलाय म्हणून सांगा, म्हटलं.”

“पोरगी काय म्हणाली?”

सर्जेराव बोटांवरचे ठिपके चोळत राहिला.

“म्हणाली, पप्पा, तुम्ही नसाल तर मी पुडा घेणार न्हाई. त्यांना आजच फोन करून कळवा. आणि आत गेली. सकाळधरनं दार लावून बसलीय. तिची आई माझ्याशी बोलत न्हाई.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “ठरलेली सोयरीक मोडंल, वस्ताद. मला कळतंय. पण पेढ्याचा नुसता विचारबी मला झेपत न्हाई. म्हणून आलो. तुम्ही लहानपणापासून मला काय खायाचं ते सांगितलंत. आता काय सोडायचं तेबी सांगा. आणखी काय सोडलं म्हंजे ही भीती जाईल? तुम्ही म्हणाल ते सोडतो. अन्न सोडायला सांगा, अन्न सोडतो.”

वस्तादांनी ताटली बाजूला सारली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, पंच्याला पुसला.

“मी काय डॉक्टर न्हाई. पथ्य मोड असं मी म्हणणार न्हाई. भाकरी माझ्या ताटात बरी दिसती, तुझ्यात नको. पेढा खा म्हणूनबी सांगणार न्हाई.”

“मग?”

“माळवाडीच्या मैदानात सिद्राम तुझ्याखाली किती वेळ हुता रं?”

सर्जेरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेहेतीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. बेळगावकडचा सिद्राम त्याच्यापेक्षा पंधरा किलोंनी भारी होता. तिसऱ्याच मिनिटाला सर्जेरावानं त्याला ढाक मारून चीत केलं. दोन्ही खांदे मातीला टेकले. पंचांनी शिट्टी फुंकली. लोकांनी फेटे उडवले. आणि सर्जेराव उठेचना. सिद्रामच्या छातीवर बसून तो त्याचे खांदे दाबत राहिला. पंचांनी पाठीवर थापा मारल्या, पुन्हा शिट्टी फुंकली, हलगीवाला वाजवायचा थांबला, तरी हा दाबतोच आहे. शेवटी चौघांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. जिंकलेल्या पैलवानाला असं उचलून न्यायची वेळ त्या मैदानावर पहिल्यांदाच आली. पुढे कित्येक वर्षं पंचक्रोशी त्याला ‘शिट्टीबहिरा सर्जा’ म्हणत होती.

“तो हालत हुता, वस्ताद,” सर्जेराव आजही तेच म्हणाला.

“श्वास घेत हुता, लेका.”

…

वस्ताद ओट्यावरून उतरले. आखाड्याच्या कडेला वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेले.

“ये मातीत.”

“आत्ता?”

“मग काय चैत्रात?”

सर्जेरावानं सदरा काढला. मोबाईल ओट्यावर ठेवला. पायताणं काढली. कितीही वर्षं झाली तरी माती कपाळाला लावायला हात विसरत नाहीत. तो आत आला तोवर वस्ताद मातीवर उताणे पडले होते. त्यांची छाती आता पिंजऱ्यासारखी दिसत होती.

“बस माझ्यावर. खांदे धर.”

“वस्ताद, तुमचं वय…”

“धर म्हटलं न्हवं?”

सर्जेरावानं दोन्ही बाजूंना गुडघे टेकले, सगळा भार गुडघ्यांवर घेतला आणि म्हाताऱ्याचे खांदे हलकेच मातीला टेकवून धरले.

“आता सोडू नकोस. सोडलंस की मी उठणार.”

“किती वेळ धरू?”

वस्तादांनी पाय सैल सोडले. ते वर आढ्याकडे बघत पडून राहिले.

तालमीत शांतता होती. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मातीचा जुना वास सर्जेरावाच्या नाकात शिरला. ताक, तेल, हळद आणि पोरांचा घाम. त्याला एकदम रडू येईल असं वाटलं, ते त्यानं गिळलं.

वस्तादांचा डावा खांदा तसूभर उचलला गेला. सर्जेरावानं तो दाबला.

मग उजवा. तोही दाबला.

मग काहीच नाही. पण आता पुढचा कुठला उचलतील, या काळजीनं त्याची नजर दोन्ही खांद्यांवर भिरभिरायला लागली. गुडघे दुखायला लागले. पाठीतून कळ निघाली. घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली ठिबकला आणि वस्तादांच्या गळ्यावर पडला.

“दमलास?”

“न्हाई.”

“मीबी न्हाई,” वस्ताद म्हणाले. “मी तर निवांत पडलोय.”

ओट्यावर मोबाईल किणकिणला. दोन वाजले होते.

“वस्ताद, गजर झाला. जेवून दोन तास झाले. बोट टोचायची वेळ हाय.”

“टोच की. पर मला सोडू नकोस.”

सर्जेरावानं ओट्याकडे पाहिलं. मोबाईल चार हातांवर होता, टोचायचं यंत्र सदऱ्याच्या खिशात. गजर वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला. आज पहिल्यांदाच दोनचा आकडा चुकला होता. आकडा काय आला असता? एकशेतीस? एकशेसाठ? सकाळी चहात घातलेलं दूध जरा जास्तच झालं होतं. त्याच क्षणी वस्तादांचे दोन्ही खांदे एकदम हलले. त्यानं दचकून दाबले. जरा जास्तच जोरात.

वस्ताद कण्हले नाहीत. नुसते बघत राहिले.

“दुखलं का?” सर्जेरावानं विचारलं.

…

मोबाईल पुन्हा वाजला. या वेळी गजर नव्हता. पडद्यावर शर्वरीचा फोटो उजळला. पहिलीत असतानाचा, दोन वेण्यांचा. तो त्यानं कधी बदललाच नव्हता.

सकाळपासून दार लावून बसलेली पोर स्वतःहून फोन करत होती.

सर्जेरावाचं अंग ओट्याकडे ओढलं गेलं. हात मात्र जागचे हलले नाहीत.

रिंग वाजून बंद झाली.

तो वस्तादांकडे पाहत राहिला. वस्ताद आढ्याकडे पाहत राहिले.

मोबाईल परत वाजायला लागला.

“वस्ताद,” सर्जेरावाचा आवाज फाटला, “पोरीचा फोन हाय.”

“मग घे की.”

“कसा घेऊ? हात मोकळे न्हाईत!”

हे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले. त्यानं खाली पाहिलं. म्हाताऱ्याचे हात दोन्ही बाजूंना मातीवर सैल पडले होते, तळवे वर करून. त्यांनी त्याला कुठेच धरलं नव्हतं.

रिंग वाजतच होती. दोन वेण्यांची शर्वरी ओट्यावर थरथरत होती.

वस्तादांनी मातीनं माखलेला एक हात सावकाश वर आणला आणि पंच मारतात तशी त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली.

“शिट्टी कवाच झाली, सर्जा. ऊठ.”