बेदाण्याला पाय नसतात

तासगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजचे मालक भूपालराव हट्टाला पेटले होते. आतली बॅटरीवरची फोर्कलिफ्ट विकून टाकायची आणि बाहेरच्या डिझेलच्या धुडाकडूनच सगळी कामं उरकून घ्यायची.

मॅनेजर शैलजा मगदूम यांनी परोपरीनं सांगून पाहिलं, की डिझेलचं यंत्र उघड्यावर ट्रक भरायला ठीक, पण बंद खोलीत मालाजवळ बॅटरीचंच हवं.

"जरा धूर झाला तर काय बिघडतं?" भूपालराव म्हणाले.

बाईंनी वाद सोडला, हट्ट सोडला नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. बाईंनी डिझेलच्या फोर्कलिफ्टला झेंडूची माळ घातली, ती थेट बेदाण्याच्या खोलीत नेऊन चालू ठेवली आणि मालकांच्या हाती नारळ दिला. मग दार ओढून घेऊन त्या स्वतःही आरतीला उभ्या राहिल्या. दार उघडं ठेवायचं नाही, ही मालकांचीच ताकीद होती.

आरती अर्ध्यावरही आली नव्हती, तोच भूपालराव नारळासकट खोकत बाहेर आले. मागोमाग बाईही आल्या.

"जीव घेता का माझा, बाई?"

"तुम्हाला पाय आहेत साहेब, तुम्ही बाहेर आलात," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "बेदाण्याला पाय नाहीत. त्याला वर्षभर तिथंच बसायचंय."

 भूपालरावांनी तो नारळ बॅटरीच्या फोर्कलिफ्टपुढे नेऊन फोडला.