तरसवाडीच्या माळावरचे दोन धोंडे

तरसवाडीच्या माळावर जुनी धावपट्टी आहे आणि तिच्या उत्तर टोकाला, तारेच्या कुंपणाच्या आत, पुरुषभर उंचीचा धोंड्यांचा ढीग आहे. ढिगाशेजारी पितळी पाटी लावली आहे : ‘युद्धकाळातील वीर वैमानिकांच्या स्मृतीस येथील ग्रामस्थ शिळा अर्पण करतात.’ ती वाचून पाहुण्यांचे डोळे भरून येतात. त्यांनी आधी डोळे पुसावेत आणि मग सगुणाआक्का हाक्यांना विचारावं. आक्का कुंपणाबाहेर मेंढरं घेऊन उभ्याच असतात. वय ऐंशीच्या पुढे, पण जीभ अजून लोकर कातरायच्या कातरीसारखी चालते.

“अर्पन कसलं डोंबलाचं?” आक्का म्हणतात. “फेकत्यात. रागानं फेकत्यात. आन् येक न्हाई, दोन.”

दोन का, त्याची हकिकत अशी सांगतात.

मोठ्या लढाईच्या आधी हा माळ मेंढपाळांचा होता. माळाच्या पलीकडे तळं आहे, आणि उन्हाळ्यात पंचक्रोशीत पाणी काय ते तेवढंच. मेंढरं माळावर चरत आणि तळ्यावर पीत. लढाई पेटली तशी सरकारला विमानं उतरवायला सपाट जागा हवी झाली आणि एक गोरा अधिकारी घोड्यावरून माळ बघायला आला. त्याचं नाव वाडीच्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून सगळे त्याला नुसतं कप्तान म्हणतात. आक्कांचे सासरे बिराआबा तेव्हा वाडीचे म्होरके होते. त्यांनी सांगितलं, माळ घ्या, पण लढाई संपली की परत द्या, आणि तसं बिरोबाचा भंडारा उचलून बोला. कप्तानाने हसत हसत देवाची हळद मूठभर उचलली आणि शब्द दिला. दुभाष्याने तो तीन वेळा फोड करून सांगितला, त्यामुळे समजण्यात चूक झाली असं कोणी म्हणू नये.

तीन वर्षं विमानं उतरली. मेंढरं चार कोसांचा वळसा घालून दुसऱ्या पाण्याला गेली आणि निम्मी वाटेतच मेली, असं सांगतात. एकदा एक विमान तळ्याकाठी कोसळलं. तेव्हा बिराआबांनीच धुरात शिरून आतल्या वैमानिकाला ओढून काढलं. मिसरूडही न फुटलेलं पोर ते. आबांच्या मांडीवर गेलं, आणि जाताना त्याच्या तोंडात आबांनी याच तळ्याचं पाणी घातलं. मेलेल्याशी वाडीचं भांडण कधीच नव्हतं.

लढाई संपली. कप्तान तंबू उचलायला आला, तशी वाडी गोळा झाली आणि आबांनी माळ मागितला.

“कसला शब्द? कागद असेल तर दाखवा,” कप्तानाने दुभाष्याकरवी विचारलं.

आबांनी पायाशी पडलेला धोंडा उचलला आणि कप्तानाच्या बुटांपुढे आपटला. “ह्यो आमचा कागद. माळ परत मिळंस्तवर हितनं जानारा दर मानूस येक धोंडा टाकंल.”

त्या दिवशी अख्ख्या वाडीने धोंडे टाकले. कप्तान तोंड फिरवून निघून गेला. पण भंडाऱ्याशी खोटं बोलून कोणी सुटत नाही. त्याच्या उजव्या तळहातावर पिवळा डाग उमटला म्हणे, आणि साबणाने, वाळूने, कशानेच निघेना. मरेपर्यंत तो उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे घालून हिंडला, असं सांगतात.

पुढे सरकार बदललं. माळ या खात्यातून त्या खात्यात गेला, वाडीकडे मात्र आला नाही. तरी कुंपण नव्हतं, एवढंच नशीब. मेंढरं धावपट्टी ओलांडून तळ्यावर जात आणि त्यांना कोणी हटकत नसे.

मग पुण्याहून विमानवेडी मंडळी आली. त्यांनी धावपट्टी जपायला मंडळ काढलं आणि सरकारने माळ त्या मंडळाच्या हवाली केला. त्यांचे प्रमुख रिसबूड. माणूस वाईट नव्हता, हे आक्काही नाकारत नाहीत. मातीत सापडलेला विमानाचा मोडका पंखा तो गुडघ्यावर बसून दातांच्या ब्रशने दिवसभर घासायचा. पण ढीग पाहिला आणि त्याने टोपी काढून हात जोडले. “केवढी ही श्रद्धा!” म्हणाला. आक्कांनी त्याला समोर बसवून सगळी हकिकत सांगितली. त्याने ती वहीत उतरवून घेतली आणि पाटीवर नेमकी उलटी कोरली. शहाण्याला शिकवायला जावं तर असं होतं.

कुंपणाची कुणकुण लागली तेव्हा आक्का त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, तळ्याची वाट अडवनार व्हय तुमी?”

“छे, छे, आक्का. वाट मोकळीच राहील. मी शब्द देतो.”

“शबूद नगं. लई झाले.”

“मग भंडारा उचलतो. मी काही तो कप्तान नव्हे.”

आक्कांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी पदराआड धरली. “न्हाई द्यायची म्या. ज्याला पेलत न्हाई त्यानं उचलू ने.” रिसबुडाला ते लागलं. तो स्वतःच बिरोबाच्या देवळात गेला, मूठभर भंडारा घेऊन आला आणि चारचौघांत शपथ बोलला. आक्कांना त्या क्षणी राग आला नाही, भीती वाटली. चांगल्या माणसाने दिलेला शब्द मोडला तर दाद मागायची कोणाकडे?

चैत्रात कुंपण उभं राहिलं. तळंही आत गेलं. खुरांनी धावपट्टीच्या कडा ढासळतात, मंडळाच्या बैठकीत तसं ठरलं, माझा नाइलाज झाला, असं रिसबूड खाली बघून म्हणाला. मेंढरं पुन्हा चार कोसांच्या वाटेला लागली. आक्कांची एकोणीस मेंढरं त्याच उन्हाळ्यात गेली. एकोणिसावं मेलं त्या दिवशी आक्का कुंपणाशी आल्या आणि तारेवरून दोन धोंडे आत फेकले. “योक कप्तानाचा,” त्या म्हणाल्या, “आन् योक रिसबुडाचा.” तेव्हापासून वाडीतला माणूस दोन धोंडे टाकल्याशिवाय माळावरून जात नाही.

आजही ढीग वाढतोच आहे, आणि पाहुणे आजही त्याचे फोटो काढून नेतात. दर साली मंडळी स्मृतिदिन पाळतात, बिगूल वाजतो, फुलं वाहतात. रिसबूड भाषणाला उभे राहिले की तारेपलीकडून आक्का हाक देतात, “सायेब, उजवा हात दावा की!” आणि मे महिन्याच्या भर उन्हात रिसबूड पांढरे हातमोजे घालून बोलत राहतात. समारंभाची शिस्त म्हणून घालतो, असं ते सांगतात. वाडीत मात्र ते हातमोजे काढलेले आजवर कोणी पाहिलेले नाहीत.