न आलेले एकसष्ट

“सर, मी काय मेलो होतो का?”

मकरंदने दारातूनच विचारलं. बूट काढायचंही भान राहिलं नव्हतं त्याला.

बिराजदार सर उंच खुर्चीत बसले होते. समोर वॉकर. उजव्या खुब्याचा सांधा बदलून त्यांना सहा आठवडे झाले होते, आणि खाली बसायची अजून मनाई होती.

“मेला असतास तर कुणीतरी कळवलं असतं,” सर म्हणाले. “बस.”

तो बसला नाही.

मी बाजूला पेरू खात होतो. मी भूल देणारा डॉक्टर. सर हाडं कापायचे तेव्हा मी चाळीस वर्षं पेशंटच्या डोक्याशी बसलो. सर्जन लोक माझ्यादेखत काहीही बोलतात. पेशंट झोपलेला असतो आणि भूलवाल्याला ते माणसात धरत नाहीत. त्या दुपारीही मकरंदने मला धरलं नाही.

“सबंध सोलापूर मला विचारतंय, सर. तुमच्या गुरूंचा खुबा म्हणे बागवान मॅडमनी बदलला. तुम्ही गावात नव्हता का? काय सांगू मी लोकांना?”

“सांग, होतो.”

मकरंद सोनटक्के आणि शाहीन बागवान, दोघंही सरांच्याच हाताखाली घडलेले. मकरंद तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. पुढे तो जर्मनीला जाऊन सांधेबदल शिकून आला. जिल्ह्यात सांधेबदलाचा पहिला रोबो त्याने आणला. शाहीनचं रुग्णालय लहान, लिफ्टही अधूनमधून चालते.

आणि तो तिच्यावर जळत होता. दुसरा सभ्य शब्द शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

“गेल्या महिन्यात परिषदेत तिला सुवर्णपदक मिळालं,” मकरंद म्हणाला. “मी टाळ्या वाजवल्या. तिने शहाण्णव खुब्यांवर निबंध वाचला, मी दोनशे बारांवर. तिचे नऊ बिघडले. माझा एकही नाही. तरी पदक तिला. ठीक आहे, परीक्षकांचं काय सांगावं… पण तुम्ही, सर? तुम्हीसुद्धा?”

त्याचा आवाज फुटला. पंचेचाळिशीचा माणूस, शहरभर फलक लावलेला, आणि रुसलेल्या पोरासारखा उभा होता. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

“पहिला चाकू तुम्ही माझ्या हातात दिलात,” तो म्हणाला.

“चाकू दिला होता. खुबा नव्हता दिला.”

“मग आता द्या. तुमचे दोन्ही खुबे झिजलेत, मला माहीत आहे. डावा दोन महिन्यांत करायचाय ना? तो मला द्या.”

प्रसाद मागावा तसा त्याने खुबा मागितला.

डावा पाय हाताने उचलून सरांनी जरा पुढे सरकवला. तेवढ्यानेही त्यांचा चेहरा आक्रसला. मकरंदने ते पाहिलं. शेवटी तोही हाडांचा डॉक्टर आहे.

“शाहीनला मी एकच प्रश्न विचारला होता,” सर म्हणाले. “तुझे किती बिघडले?”

“नऊ. ते सगळ्यांना माहीत आहे.”

“तिने नावं सांगितली.”

“कुणाची?”

“नऊच्या नऊ जणांची. गावांसकट. शेवटचं सांगताना रडली.”

“आणि मला विचारलं असतंत तर?”

“तू काय म्हणाला असतास?”

“एकही नाही.”

“म्हणून नाही विचारलं. भीती वाटली.”

मकरंदला ते लागलं. लागणारच. सरांच्या वॉर्डात दर शनिवारी एक रिवाज होता. चांगली केस दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला त्या आठवड्यातला सर्वात वाईट एक्सरे काचेवर लावायचा. दुसऱ्याचा चालायचा नाही, स्वतःचाच. कुणी म्हणालं, सर, या आठवड्यात माझं काहीच वाईट नाही, की सर म्हणायचे, मग चहा तू सांग.

तीन वर्षं मकरंदच चहा सांगत होता. मोठ्या ऐटीत. त्याला तो मान वाटायचा. शाहीन तेव्हा काचेसमोर उभी राहून आपला वाकडा स्क्रू समजावून सांगायची आणि मी मकरंदचा चहा प्यायचो. चहा बाकी चांगला असायचा.

“निबंध आणलायस?” सरांनी विचारलं.

आणला होता. असा माणूस निबंध घरी ठेवून येत नाही.

सरांनी चष्मा लावला आणि शेवटून वाचायला घेतलं. त्यांची ती जुनी खोड. निष्कर्ष राहू दे बाजूला, आधी तक्त्याखालची बारीक अक्षरं. चौथ्या तक्त्याखाली त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं आणि कागद मकरंदपुढे धरला.

“वाच.”

“एकसष्ट रुग्ण फेरतपासणीस आले नाहीत. त्यांची काही तक्रार नसल्याने त्यांची गणना उत्तम गटात केली आहे.”

“तक्रार नाही हे कुणी सांगितलं?”

“आले नाहीत म्हणजे बरे आहेत, सर. दुखलं असतं तर दारात येऊन बसले असते.”

इथे मी त्याला दोष देणार नाही. आम्ही सगळे डॉक्टर मनातल्या मनात असंच धरतो. आला नाही तो बरा झाला. आमच्या धंद्यात याहून गोड समजूत नाही. फक्त आम्ही ती छापत नाही.

“शाहीनचे किती आले नाहीत?”

“चार.” ते त्याला पाठ होतं. तिच्या निबंधातला आकडा न् आकडा पाठ होता. “तिचं काय, सर, ती रविवारी एसटीने गावं हिंडते. पेशंटच्या घरी जाऊन बसते. मला असलं करायला वेळ कुठे आहे?”

“त्या चारांतले दोघे वारले होते.”

“मग?”

“त्यांच्याही घरी जाऊन आली. विचारून आली, शेवटपर्यंत चालत होते का.”

मकरंद खिडकीबाहेर बघू लागला.

सर म्हणाले, “त्या एकसष्टांतला एक काढ. तुला आवडेल तो.”

मकरंदने फोन काढला. यादी वरखाली करताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. एका नावावर तो थांबला.

“भीमाशंकर कोरे. मंद्रूपचे. डावा खुबा, चार वर्षं झाली. सर, याच्याइतका देखणा एक्सरे माझ्याकडे दुसरा नाही. परिषदेत पडद्यावर मी हाच दाखवला होता.”

“लाव फोन. आम्हालाही ऐकू दे.”

घंटी बरीच वाजली. मग एक म्हातारा आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“डॉक्टर सोनटक्के बोलतोय, सोलापूरहून.”

पलीकडे धांदल उडाली. कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं गेलं.

“साहेब? नमस्कार, नमस्कार. बसा की, साहेब.” फोनवर बसा म्हणणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. “आज गरिबाची आठवण कशी काय झाली?”

“सहज केला. खुबा कसा आहे, काका?”

“एक नंबर बघा. तुमच्या कृपेनं झकास हाय. काय बी तरास न्हाई.”

मकरंदने सरांकडे पाहिलं. बोलला काही नाही, पण नजरेत सगळं होतं. बघा म्हणत होता, आणि दुसरं कुणीतरी इथे हवं होतं ऐकायला, असंही म्हणत होता.

सरांनी हात पुढे केला. मकरंदने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

“कोरे, मी या डॉक्टरांचा मास्तर बोलतोय.”

“नमस्कार, मालक.”

“काठी कुठल्या हातात धरता?”

“उजव्या.”

म्हातारा पटकन बोलून गेला. मग त्याच्या लक्षात आलं असावं.

सरांनी विचारेपर्यंत कुणी काठीचं नावही काढलं नव्हतं, आणि झकास खुब्याला काठी लागत नाही.

मकरंदने फोन स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता हा विचारेल, कधीपासून दुखतंय. कुठे दुखतंय. त्याने विचारलं ते असं.

“तुम्ही बागवान मॅडमकडे गेला होता का?”

माझा पेरू हातातच राहिला. सरांनी डोळे मिटून घेतले.

मकरंदलाही ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पण प्रश्न मंद्रूपला पोचला होता.

“न्हाई, साहेब. कुणाकडंच न्हाई गेलो.”

“मग माझ्याकडे का नाही आलात?”

“कसं यावं…” म्हातारा घुटमळला. “दवाखान्यात तुमी माझा फोटू लावलाय न्हवं? जिन्यासमोर, मोठा. त्यात मी ताठ हुबा हाय, बिनकाठीचा. सून बघून आली परवा, अजून हाय म्हनली. तितं मी लंगडत आलो असतो, तर बसलेल्या लोकांनी काय म्हटलं असतं तुमास्नी?”

म्हातारा समजावणीच्या सुरात पुढे बोलला.

“तुमी लई जीव लावून केलंत, साहेब. नाव खराब करायला कसा येऊ?”

“कधीपासून?” मकरंदने अखेर विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

“दोन वर्सं झाली की. उठताना मांडीत कळ येती. धा पावलं टाकली की कमी हुती. चालायचंच.”

उठताना मांडीत कळ म्हणजे काय, हे त्या खोलीत मला धरून तिघांनाही कळत होतं. आत बसवलेला दांडा हाडातून सुटत चालला होता. देखण्या एक्सरेतला दांडा.

“उद्या इकडे या, काका. मी गाडी पाठवतो.”

“उद्या बाजार हाय. आनि तितं नगं, साहेब. लोक असत्यात.”

मकरंदने फोन तोंडाजवळ आणला.

“मग मी येतो तुमच्याकडे.”

“तुमी?” म्हाताऱ्याला खरं वाटेना. “या की. जेवायलाच या. आमी आपलं कडक भाकरी न् शेंगाची चटनी खातो, चालंल न्हवं?”

“चालेल.”

फोन बंद झाला. मकरंद पलंगाच्या कडेवर टेकला. निबंध खाली पडला होता, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही. सरांना वाकायची मनाई होती आणि मला कंबर आहे.

मग मकरंदमधला जुना मकरंद एकदा उसळला.

“तिचेही असतील असे, सर.”

“आहेत. नऊ.”

मी त्याच्याकडे बघत होतो. मत्सर असा एका फोनने जात नाही. तो तिथेच होता, त्याच्या जबड्यात दिसत होता. आपण दोनशे बारा म्हणून छाती काढली, तिने नऊ म्हणून मान खाली घातली, आणि सर तिच्या टेबलावर जाऊन झोपले, हे त्याला अजून गिळता येत नव्हतं.

“मी तिचा निबंध बावीस वेळा वाचला,” तो एकदम म्हणाला. “चूक सापडेना म्हणून.”

“आणि स्वतःचा?”

मकरंदने फोन पुन्हा हातात घेतला.

“साठ राहिले,” मग तो म्हणाला. स्वतःशीच. फोनमधली यादी वर सरकवत तो गावांची नावं वाचू लागला. वळसंग. होटगी. बोरामणी. एक तर पार कर्नाटकात निघालं. “सगळ्यांकडे जाऊन येतो, सर. पत्र नाही, फोन नाही. स्वतः जातो. रविवार लागतील बरेच.”

“जा.”

“तोवर तुमचा डावा?”

“दुखेल.”

“सर, मला खरं सांगा…” तो उठून सरांच्या खुर्चीसमोर उभा राहिला. “त्या साठांत आणखी बिघडलेले निघाले तर?”

“तर डावा तुझा.”

आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, त्या दुपारी पहिल्यांदाच. मी खांदे उडवले. मी भूल देतो, खुलासे देत नाही.

“आणि एकही नाही निघाला तर?”

सरांनी वॉकर जवळ ओढला. दोन्ही हातांनी तो धरून, दात आवळून, ते सावकाश उभे राहिले. मकरंद आधाराला पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच त्याला नको म्हटलं.

“तर शाहीनला तूच फोन कर. म्हणावं, सरांना डाव्याची तारीख दे.”