दोन दारांची खोपी

"कोण आलं होतं, एवढंच सांगा."

रेवणबुवांनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"बुवा, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकलं मी," बुवा म्हणाले आणि त्यांनी भाकरी उलटली.

यज्ञेश्वरशास्त्री उभेच राहिले. देवखोऱ्याच्या मठाचं नऊ दिवसांचं सत्र म्हणजे सात-आठ हजार माणूस. मांडवाच्या खांबापासून पंगतीच्या पत्रावळीपर्यंत सगळं त्यांच्या एका शब्दावर चालायचं. सभेत प्रश्नोत्तरांचा तासही तेच घ्यायचे. काशीला अकरा वर्षं न्यायशास्त्र शिकून आलेला माणूस. वादात त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे, आणि ही गोष्ट इतर कुणाच्याही आधी त्यांना स्वतःला ठाऊक होती.

पण बाराखडी त्यांना याच म्हाताऱ्याने वाळूत बोट धरून शिकवली होती. तेव्हा इथे त्यांची मात्रा चालत नव्हती.

बुवांची खोपी सत्राच्या पार टोकाला, नदीच्या अंगाला होती. तिला दोन दारं. एकातून आत यायचं, दुसऱ्यातून नदीकडे बाहेर पडायचं, म्हणजे येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची गाठ पडायला नको. सत्रात कुणाला काही खुपलं, कुणी कुणाला त्रास दिला, कुणाचा अपमान झाला, तर तो इथे यायचा. आत एकजण घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. बोलायचं ते त्या घोंगडीशी. घोंगडीखाली कोण आहे हे आलेल्याने विचारायचं नाही आणि आलेला कोण हे घोंगडीने वळून बघायचं नाही. नऊ दिवस ऐकणाऱ्याने मठाच्या पंगतीत जेवायचंसुद्धा नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, म्हणून मीठच खायचं नाही. रीत मठाइतकीच जुनी होती.

"पहाटे तुम्ही निरोप धाडलात, पाण्याची रांग कोठीसमोरून हलवा," शास्त्री म्हणाले. "मी हलवली. म्हणजे माझ्या कोठीतल्या कुणीतरी कुणालातरी त्रास दिला. कुणी आणि कुणाला, तेवढं सांगा. मी बघून घेतो."

"रांग हलली ना?"

"हलली."

"मग?"

"मग काय... अपराधी मोकळा राहिला. फिर्यादीचं नाव नाही, आरोपीचं नाव नाही. असा कुठे न्याय असतो?"

"न्याय महंतांच्या दारात आहे. ज्याला तो हवा, त्याला मी ते दार दाखवतो. हात धरून नेतोसुद्धा. ज्याला नुसती रांग हलवून हवी, त्याची रांग हलवतो."

"आणि तुमच्या दारात काय आहे?"

बुवांनी भाकरी विस्तवाला लावली. ती टम्म फुगली तेव्हा त्यांना आनंद झालेला दिसला.

"भिजत घोंगडं म्हणतात, ते हेच असावं," शास्त्री हसून म्हणाले.

बुवाही हसले. त्यांना ते खरोखरच आवडलं. मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून शास्त्र्यांपुढे धरली.

"घे. ऊन उतरेपर्यंत बस आत, तेवढ्यापुरतं तुझं मीठ माफ. मला जरा पाठ टेकायची आहे."

"मी?"

"अकरा वर्षं न्याय शिकलास. इथे तर नुसतं ऐकायचंय."

घोंगडीला धुराचा आणि जुन्या लोकरीचा वास येत होता. शास्त्र्यांनी ती दोन बोटांत धरली.

"करायचं काय?"

"गप्प बसायचं. समोरच्याचं संपलं की विचारायचं, तुला काय हवं. तो गेला की ते तिथेच सोडून उठायचं."

"एवढंच?"

"एवढंच," बुवा म्हणाले आणि बाभळीखाली आडवे झाले.

दुपार कलायच्या आधीच पहिलं पाऊल वाजलं. चपला बाहेर काढून कुणी पुरुष आत येऊन बसला.

"घोंगडीबाबा, आमच्या उताऱ्यात एकजण हाय. म्हंजी मानूस तसा चांगला, पर रोज पहाटं त्यो..."

"मोठ्याने भजन म्हणतो," शास्त्री म्हणाले. "झोपमोड होते. उतारा बदलून मिळेल."

"न्हाई... ते न्हाई."

"मग थंडीत आंघोळीला उठवत असेल."

मागे माणूस उठल्याची चाहूल लागली.

"तुमास्नी समदं ठावंच हाय म्हना की," माणूस म्हणाला. "मंग म्या काय बोलू."

नदीकडचं दार वाजलं. शास्त्री भिंतीकडे बघत बसून राहिले. पहाटे त्या उताऱ्यात काय होत होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. ज्या हजरजबाबीपणाची त्यांना सगळीकडे वाहवा मिळायची, त्याचीच त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

मग पुष्कळ वेळाने बांगड्या किणकिणल्या.

या वेळी त्यांनी घोंगडीचा काठ चक्क दातांत धरला.

"मी... मी बोलू का?"

घोंगडी हलली नाही.

"माझं बोलनं... हळू हाय. शब्द अडकत्यात. ल्हानपनापास्नं."

शास्त्री दात आवळून बसले.

"सभंत प्रश्न इचारत्यात... तवा मी उभी ऱ्हाते. चार वर्सं झाली. दर वर्सी येकच प्रश्न हाय माझा. माइक हातात येतो... मी सुरू करते... आन् शास्त्रीबुवा म्हनत्यात, 'तुम्हांला असं विचारायचं आहे का'..."

घोंगडीखाली शास्त्र्यांचे कान तापले.

"आन् भलतंच कायतरी सांगत्यात. मंग त्येचंच उत्तर देत्यात. उत्तर लई झ्याक असतं. लोक हसत्यात... टाळ्या वाजिवत्यात. माइक म्होरं जातो. माझा प्रश्न... माझ्यापाशीच ऱ्हातो."

कोण ही? शास्त्र्यांनी आठवून पाहिलं. चार वर्षांतली आपली एकूण एक उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना.

जबाब जिभेवर तयार होता. तास एकच असतो. शंभर माणसं उभी असतात. कुणी अडखळलं तर त्याला हात द्यायचा नाही का? आणि मान एवढीशी वळवली असती तर फिर्यादी समोर दिसली असती. सकाळी हेच तर मागत होतो आपण...

त्यांनी मान वळवली नाही. का नाही, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"औंदा शेवटचं," बाई म्हणाली. "गुडघं चालंनात. पोरगा म्हनला, आये, आता पुरं. उद्या सांजच्या एसटीनं जायाचं हाय. प्रश्न घिऊन आल्ते... प्रश्न घिऊनच जानार, आसं वाटतंया."

तिचं सांगून झालं. बऱ्याच वेळाने शास्त्र्यांच्या ध्यानात आलं की आता आपली पाळी आहे.

"तुला..." जाड घोंगडीतून दबका निघालेला त्यांचा आवाज अडखळला. असं त्यांचं कधी झालं नव्हतं. "तुला... काय हवं?"

बाईने विचार केला. सावकाश केला.

"त्यास्नी बोल लावू नगा. महंतांकडं बी नगं. शास्त्रीबुवा वाईट न्हाईत... घाईत हाईत. आन् मी आल्ते ह्ये त्यास्नी कळाया नगं. कळलं तर उद्या माज्याकडं बघून... दया करत्याल. दया नगं मला. माज्या प्रश्नाच्या शेवटापस्तोर... मला जायचंय. येवढंच."

दार वाजलं. नदीवरचा वारा आत आला.

शास्त्री तसेच बसून राहिले. एका अनोळखी बाईने मनातलं सगळं त्यांच्या पाठीमागे आणून ठेवलं होतं आणि ती निर्धास्त निघून गेली होती. बाहेर आडवा झालेला तो म्हातारा चाळीस वर्षं इथे बसत होता. त्याने काय काय ऐकलं असेल? आपल्याविषयी किती ऐकलं असेल? आणि तरी त्याच्या एका नजरेत, एका 'जेवलास का रे' मध्ये त्यातलं काहीही कधी डोकावलं नव्हतं. शास्त्र्यांना त्या क्षणी काशीचे सगळे पंडित फार लहान वाटले.

ऊन उतरलं तसे ते बाहेर आले.

"बुवा, आज एक..."

रेवणबुवांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले.

"पण तुम्हांला तर कळायला हवं..."

बुवांनी मान हलवली. हात काढले नाहीत.

शास्त्री वाळूत खाली बसले. मग बुवांनी हात काढले.

"बुवा, गाऱ्हाणं ऐकणाऱ्याचंच असलं, तर त्याने काय करायचं?"

"तू काय केलंस?"

"...ऐकलं."

"मग झालं," बुवा म्हणाले आणि घोंगडी झटकून त्यांनी दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सभेत शास्त्री व्यासपीठावर चढले नाहीत. खाली सतरंजीवर बसले. तिचा चेहरा त्यांना माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी तिच्या एकटीसाठी थांबणं म्हणजे तिने नको म्हटलेली दयाच झाली असती. तेव्हा ते सगळ्यांसाठी थांबणार होते. ज्याच्या हातात माइक, त्याने स्वतः 'झालं' म्हणेपर्यंत माइक त्याचाच.

पहिला माणूस प्रश्न विचारता विचारता आपल्या म्हशीची हकीकत सांगू लागला. शास्त्री थांबले. दुसरा विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ते थांबले. स्वयंसेवक घड्याळाकडे बोट दाखवू लागले. व्यासपीठावर महंतांची चुळबुळ सुरू झाली. एरवी तासाला साठ प्रश्नांचा फडशा पडायचा. आज सातवा प्रश्न संपला तेव्हा पंगतीची घंटा झाली.

माइक बायकांच्या बाजूला अजून पोचायचाच होता. लोक उठू लागले. शास्त्री चपापले. सगळ्यांना सारखं वागवण्याच्या नादात तिचाच वेळ संपवला की काय आपण...

"मा... माझा..."

कुणीतरी बायकांकडे सरकवलेला माइक बोलला. तो आवाज त्यांनी ओळखला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माझा... प्रश्न हाय."

उठलेले लोक घुटमळले. मागून कुणीतरी हसलं. सगळ्यांनी सवयीने शास्त्र्यांकडे पाहिलं, आता ते काय फर्मास बोलतात म्हणून. शास्त्री मांडी घालून खाली बघत बसले होते. हसणारा गप्प झाला. मग शेजारचे गप्प झाले. एकेक ओळ खाली बसत गेली आणि इतक्या मोठ्या मांडवात वरच्या कापडाची फडफड ऐकू यायला लागली.

"ज्याला देवाकडं... कायबी... मागायचं ऱ्हायलं न्हाई..."

ती थांबली. अख्खा मांडव थांबला.

"त्यानं हात... कशापायी... जोडायचं?"

आणि मग, अगदी स्पष्ट, "झालं."

शास्त्र्यांना या प्रश्नाची वीस उत्तरं ग्रंथांतून सांगता आली असती. ती जिभेपर्यंत आलीही होती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ते म्हणत असताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. ते त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. कुणी टाळी वाजवली नाही. बाईने माइक शेजारणीच्या हातात दिला आणि पदराने तोंड पुसून ती खाली बसली. घंटा पुन्हा वाजली तरी कितीतरी वेळ कुणीच पंगतीकडे गेलं नाही.

शास्त्री जवळजवळ धावतच खोपीपाशी आले. धोतराचा सोगा वाळूत लोळत होता.

"बुवा, मला त्या माउलीच्या पायांवर डोकं ठेवायचंय. चार वर्षं मी तिला... एसटी निघायच्या आत मला..."

रेवणबुवा भाकरीचे तुकडे करत होते.

"कोणत्या माउलीच्या?"

शास्त्र्यांनी तोंड उघडलं. बुवा त्यांच्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत खोटं काहीच नव्हतं. नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखे ते डोळे होते.

आपण क्षमा मागायला गेलो, की तिला कळणार. खोपीत बोललेलं बाहेर पडतं, हे कळणार. प्रश्नाचं ओझं उतरलेली बाई संशयाचं ओझं घेऊन घरी जाणार. मग पुढच्या वर्षी त्या दारातून कोण आत येईल?

शास्त्र्यांनी तोंड मिटलं. क्षमासुद्धा मागता येणार नव्हती. ती इथेच सोडून उठायची होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

ते बुवांच्या पायांशी वाकले. बुवांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

शास्त्र्यांचं कपाळ नुसत्या वाळूला टेकलं. समोर कुणी नव्हतं. तरीही त्यांनी ते उचललं नाही. पुष्कळ वेळ तसंच राहू दिलं.

"नमस्कार पोचला," रेवणबुवा म्हणाले.